मी बाहेर फेकलेली हवा

मित्रांनो, भंगाराच्या दुकानाबाहेर गंजलेल्या सायकलींच्या शेजारी जो जुना एक्झॉस्ट पंखा भिंतीला टेकून उभा आहे, तो मीच. माझे वय बारा-तेरा वर्षांचे असेल. माणसांत ते पोरवय असते, पण पंख्यांमध्ये मी म्हातारा. माझा मूळ रंग हिरवा होता, हे सांगूनही आता कुणाला पटत नाही. पात्यांवर, जाळीवर, मोटारीच्या टोपीवर एक राखाडी थर बसला आहे. तो म्हातारपणाचा नाही. तो कशाचा आहे, हे सांगायचे म्हणजे मला मान खाली घालावी लागेल. पण इतकी वर्षे मी मान वर करूनच फिरलो, तेव्हा आता थोडी खाली घातली तर काही बिघडणार नाही.

सातपूरच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. पाती कापली, वाकवली, घासली, मग रंग दिला. ज्या कारागिराने मला जोडले तो मोठा काटेकोर माणूस होता. पात्याला जरा जरी हेलकावा आला की तो मला पुन्हा उतरवायचा. शेवटी मी आवाज न करता फिरलो, तेव्हा त्याने समाधानाने मान हलवली. मला एकच काम शिकवले गेले होते. आतली हवा ओढायची आणि बाहेर टाकायची. बाहेर म्हणजे नेमके कुठे, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

माझी पहिली नोकरी पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात होती. काय दिवस होते ते! तिथला आचारी सावळीराम मोठ्या कढईत जिलेबी सोडायचा आणि मी तिचा वास गल्लीभर पोहोचवायचो. गल्लीतले लोक माझ्या जाळीखाली थांबून आजचा बेत ओळखायचे. कुणी म्हणे मसालेभात, कुणी म्हणे बासुंदी. पैजा लागायच्या. मी जे बाहेर टाकतो त्याची लोक वाट बघतात, असे माझ्या मनात पक्के बसले. गर्वाचे घर खाली असते म्हणतात. माझे घर भिंतीत उंचावर होते, म्हणून ती म्हण मला लागू नाही, असे मला वाटत असावे.

पुढे कार्यालयात मोठे धुराडे आले आणि मला काढून टाकले. जुन्या सामानाच्या दुकानातून धनराजशेठ नावाच्या एका माणसाने मला विकत घेतले. नाशिक रोडच्या पलीकडे, मोकळ्या माळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे पत्र्याचे शेड होते. त्याच्यावर पाटी नव्हती. इन्व्हर्टरच्या, रिक्षांच्या, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटऱ्या तिथे यायच्या. कामगार त्या फोडायचे, आतल्या शिशाच्या प्लेटा काढायचे, भट्टीवरच्या लोखंडी कढईत वितळवायचे आणि साच्यात ओतून विटा पाडायचे. पुन्हा कढई! मला वाटले, चला, ओळखीचेच काम आहे.

मला बसवले मंगळूने. मंगळू पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, तिशीतला, कमी बोलणारा माणूस. तो विचारायला गेला की पंखा कुठल्या भिंतीत बसवू. शेठ म्हणाले, "मागच्या भिंतीत बसव. पुढं रस्ता आहे, धूर दिसला की लोक बोंबलत येतात. मागं कोण आहे?"

तेव्हा मागे खरोखरच कुणी नव्हते. एक बारके अंगण, एक रिकामी खोली आणि कडुलिंबाचे झाड. मंगळूने विटा फोडून गोल भोक पाडले, मला त्यात बसवले आणि बटण दाबले. शेडमध्ये साचलेला धूर माझ्याकडे ओढला गेला आणि पाच मिनिटांत समोरची भिंत दिसू लागली. लहानू नावाचा मंगळूचा जोडीदार खोकत खोकत माझ्यासमोर उभा राहिला. "आरं, ह्या पंख्यानं जीव वाचवला," तो म्हणाला. मी आणखी ताठ झालो.

महिन्याभराने शेठने मागची खोली मंगळूला राहायला दिली. मंगळूने पाड्यावरून आपली माणसे आणली. आई फुलाबाई, बायको संध्या आणि चार वर्षांची मुलगी रोशनी. संध्या द्राक्षांच्या हंगामात पहाटेच पिकअपमधून निफाडकडे खुडणीला जायची. घर आणि पोर फुलाबाईंच्या हवाली. मला दोन बाजू आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. माझे तोंड शेडमध्ये होते आणि पाठ त्यांच्या अंगणात. त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे मला ऐकू यायचे.

फुलाबाई नागलीचे पापड करायच्या. पीठ आंबवून, शिजवून, पातळ थापून अंगणातल्या खाटेवर जुन्या लुगड्यावर वाळत घालायच्या. वाळले की पिशवीत भरून पंचवटीच्या बाजारात न्यायच्या. त्यांची ठरलेली गिऱ्हाइके होती. पहिल्याच वर्षी ऐन वाळवणाच्या दिवसांत आभाळ भरून आले. तीन दिवस ऊन नाही. पापडांना बुरशी येणार, ही धास्ती. तेव्हा फुलाबाईंना जाणवले की माझ्या जाळीतून गरम वारा येतो. त्यांनी हात धरून बघितला आणि खाट ओढत आणून थेट माझ्या खाली लावली. संध्याकाळपर्यंत पापड कडक झाले.

"लय गुणाचा पंखा हाय," त्या सुनेला म्हणाल्या. "ऊन नसलं तरी चालतंय आता."

त्यानंतर ऊन असो वा नसो, खाट कायम माझ्याखालीच राहिली. मित्रांनो, त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, ते आठवले की आज माझीच मला किळस येते. मला वाटले, पंचवटीचे दिवस परत आले. मी टाकलेली हवा पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडते आहे.

वाळवण म्हटले की राखण आलीच. चिमण्या, कावळे आणि कोंबड्या टपलेल्या असतात. ते काम घरातल्या सगळ्यात लहान पोराकडे जाते, आणि त्या पोराला त्याची मजुरी मिळते ती अर्धवट वाळलेल्या पापडांची. आतून ओला, वरून चिवट असा तो पापड तुमच्यापैकी ज्यांनी खाल्ला असेल, त्यांना रोशनीचे सुख कळेल. अंगणवाडीतून आली की ती हातात काठी घेऊन खाटेच्या कडेला अंधार पडेपर्यंत बसायची. माझ्या वाऱ्याने तिचे केस उडायचे. कंटाळा आला की ती पापड मोजायची. चाळिसापर्यंत न चुकता मोजायची आणि मग एक मोडून खायची, म्हणून पुढच्या वेळी एकोणचाळीस भरायचे. ते बघून फुलाबाई हसायच्या.

दर सोमवारी मंगळू मला थांबवायचा. पात्यांवर करडा थर बसलेला असायचा. तो पाती उतरवून मागच्या अंगणात न्यायचा, सुरीने खरवडायचा आणि दगडावर आपटून झटकायचा. ती भुकटी मऊ आणि जड असायची. रोशनी ती गोळा करून भातुकलीत घ्यायची. नारळाच्या करवंटीत पाणी घालून तिच्या भाकरी थापायची आणि आजीला वाढायची. फुलाबाई खोटे खोटे खायच्या आणि झकास झाली म्हणायच्या. ते कौतुक ऐकून रोशनी तोच हात तोंडावर धरून लाजायची.

दसऱ्याला शेडमधल्या हत्यारांची पूजा झाली. मंगळूने भट्टीला, साच्यांना, हातोड्यांना कुंकू लावले आणि झेंडूची सगळ्यात मोठी माळ मला घातली. मी ती घालून घेतली.

पुढच्या पावसाळ्यानंतर रोशनीचे पोट दुखू लागले. आधी अधूनमधून, मग रोज. ती जेवेना. चेहरा पांढुरका पडला. खाटेजवळ बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची आणि उठवले की चिडून काठी फेकायची. फुलाबाई म्हणाल्या जंत झालेत. औषध झाले. मग म्हणाल्या बोरे खाल्ली असतील. बोरे बंद झाली. मग दृष्ट लागली असेल म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसे चालले होते. जंतांना, बोरांना, शेजाऱ्यांच्या नजरेला शिक्षा होत होती आणि चोर भिंतीत बसून गरगर फिरत होता.

तुम्ही विचाराल, तुला कळत नव्हते का? खरे सांगतो. शिसे पोटात गेले की काय करते, हे मला ठाऊक नव्हते. पण आठवडाभरात माझी पाती जड होतात, एवढे मला ठाऊक होते. जे माझ्यावर चिकटते, ते माझ्यातून पुढेही जात असणार, हे समजायला फार अक्कल लागत नाही. कडुलिंबाची माझ्याकडची बाजू वाळत चालली होती, तीही मला दिसत होती. मी डोळ्यांवर कातडे ओढले. स्वतःला गुणाचा म्हणवून घ्यायची सवय लागली की असे होते.

एके दुपारी रोशनी पापड मोजत होती. अकरापर्यंत आली आणि थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अकरावर थांबली. मग ती रडली नाही, चिडलीही नाही, नुसती खाटेकडे बघत बसली. माझे त्या दिवशीचे फिरणे मला आजही टोचते.

ही गोष्ट सगळ्यात आधी लक्षात आली ती अंगणवाडीच्या कमळाबाईंच्या. त्या एकदा घरीच आल्या. म्हणाल्या, "फुलाबाई, ही पोरगी माझ्या वर्गात सगळ्यांत हुशार. आता तिला कालचं आज आठवत नाही. हे जंताचं दुखणं नाही. उद्या मी स्वतः येते, दवाखान्यात जाऊ." आणि त्या खरोखरच आल्या.

डॉक्टरीणबाईंनी म्हणे पोट तपासले, डोळे बघितले आणि मग विचारले की मुलीचे वडील काय काम करतात. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. रक्त तपासायला मुंबईला पाठवले. अहवाल आला तेव्हा कमळाबाईंनी तो अंगणात खाटेवर बसून वाचून दाखवला. माझ्या बरोबर खाली. मी चालूच होतो.

"हिच्या रक्तात शिसं आहे," कमळाबाई म्हणाल्या. "लहान मुलांच्या अंगात जितकं सापडलं तरी डॉक्टर काळजी करतात, त्याच्या दहापट. ते रक्त कमी करतं, पोट दुखवतं आणि मुलांच्या मेंदूला इजा करतं."

"पन ती शेडात कधी जातच नाय," मंगळू म्हणाला. "मी जाऊ देत नाय. आत धूरबी ऱ्हात नाय. समदा धूर पंखा बाहेर काढतो."

कमळाबाईंनी वर बघितले. मग मंगळूने वर बघितले. मग फुलाबाईंनी. मग सगळ्यांनी खाली खाटेकडे बघितले, जिच्यावर त्या दिवशीचे पापड वाळत होते.

फुलाबाईंनी एक पापड उचलला, त्याच्यावर बोट फिरवले आणि बोट लुगड्याला पुसले. "मी माझ्या हातानं चारलं," त्या म्हणाल्या. "ती नको म्हनायची तरी दिलं. म्हनलं, राखन केली, खा."

मित्रांनो, मला बोलता आले असते तर त्या क्षणी मी ओरडून सांगितले असते की तुमचा दोष नाही, माझा आहे. पण मला बोलता येत नाही. मला फक्त फिरता येते आणि मी फिरत होतो. त्यांच्या डोळ्यांतले पाणी माझ्याच वाऱ्याने वाळत होते.

मंगळू ताडकन उठला, शेडमध्ये गेला आणि त्याने माझे बटण बंद केले. भट्टी पेटलेली होती. पाच-दहा मिनिटांत धूर खाली उतरला. चौघेजण काम करत होते. लहानूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. दुसऱ्या एकाला उलटी झाली. लहानू चाचपडत भिंतीपाशी आला आणि त्याने बटण दाबले. मी सुरू झालो. मंगळूने ते बंद केले. लहानूने पुन्हा चालू केले.

"मागं माझी पोरगी हाय, लहानू," मंगळू म्हणाला.

"मलाबी दोन पोरं हायेत. मी आत गुदमरून मरू का?" लहानू म्हणाला. त्याने मंगळूचा हात धरून ठेवला होता. दोघांचेही हात थरथरत होते. मंगळूचा हात बऱ्याच महिन्यांपासून थरथरत होता, पण त्याने ते आजवर कुणाला सांगितले नव्हते.

दोघांपैकी कुणाचेच खोटे नव्हते. मी चालू राहिलो तर रोशनी, बंद राहिलो तर लहानू. पंख्याने कुणाला वाचवायचे हा प्रश्नच चुकीचा होता. तो धूर धरून ठेवणारी गाळणी बसवायला हवी होती. तिची माहिती शेठना होती, कारण मला घेतले त्याच दिवशी दुकानदाराने ती सांगितली होती. "गाळणीची काय गरज आहे, मागं मोकळं आहे," असे त्यांचे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकले होते.

मंगळूने हात सोडवून घेतला. त्याने भट्टीखालची आग ओढून काढली, ती विझवली आणि शिडी लावून मला भिंतीतून उतरवले. चारही बोल्ट त्यानेच आवळले होते, त्यामुळे त्याला वेळ लागला नाही. शेठ आले तेव्हा भिंतीला नुसते भोक होते. शेठ म्हणाले, "खाट जरा बाजूला घेतली असती तर भागलं असतं. एवढ्यासाठी काम बंद पाडलंस?" मंगळू म्हणाला, "शेठ, वारा खाटंपुरता थांबतो व्हय?" त्याच दिवशी त्याचे काम गेले आणि खोलीही गेली.

जाण्याआधी फुलाबाईंनी घरातले सगळे पापड एका पोत्यात बांधून कमळाबाईंच्या ताब्यात दिले, कुणी गाय-गुरांपुढेही टाकू नये म्हणून. त्यानंतर त्यांनी जे केले ते, कमळाबाई पुढे पुन्हा शेडवर आल्या तेव्हा, मला त्यांच्या तोंडून कळले. फुलाबाई पंचवटीत आपल्या एकेका गिऱ्हाइकाच्या दारात गेल्या. माझे पापड उरले असतील तर परत द्या, ते खाऊ नका, त्यात विष आहे, असे स्वतःच्या तोंडाने सांगत फिरल्या. कुणी हसले, कुणी रागावले. पुष्कळांनी सांगितले की पापड कधीच खाऊन झाले, फार छान होते. त्यांच्या घरात कोण कोण होते, लहान मुले किती होती, हे मला कधीच कळणार नाही. मंगल कार्यालयात असताना मला आपली हवा कुठवर पोहोचते याचा अभिमान होता. आता ती कुठवर पोहोचली असेल, या विचाराने माझ्या मोटारीत कापरे भरते.

कमळाबाईंनी सरकारी कार्यालयात अर्ज दिला. माणसे आली, माती आणि धूळ बाटल्यांत भरून घेऊन गेली, शेडला कुलूप लागले. माझी रवानगी भंगारात झाली. धनराजशेठनी दुसरीकडे कुठे शेड काढले असेल, तर तिथे दुसरा एखादा पंखा लावला असेल. तो नवा असेल, हिरवागार असेल आणि त्याला आपल्या कामाचा फार अभिमान वाटत असेल.

गेल्या आठवड्यात मंगळू या रस्त्याने चालला होता. तो आता पंचवटीच्या भाजीबाजारात पाट्या उचलतो. रोशनीला दुसऱ्यांदा रक्त तपासायला नेत होता. त्याने मला ओळखले आणि तो थांबला. दुकानदाराला म्हणाला, "हा पंखा बॅटरीच्या भट्टीवरचा हाय. कुनाच्या सैपाकघरात देऊ नका. सुकी धूळ झटकू नका, उडती. ओल्या फडक्यानं पुसून फडकं फेकून द्या."

"धुतला की झालं हो," दुकानदार म्हणाला. "तुमची पोरगी आजारी आहे का? बरी होईल ना?"

"रक्तातलं कमी होत जाईल म्हनत्यात डॉक्टर. डोक्यातलं जे गेलं ते येतं का नाय, ते सांगता येत नाय म्हनत्यात."

रोशनी माझ्याकडे बघत होती. थोडी उंच झाली होती, पण बारीकच होती. "बाबा, हा आपला पंखा ना?" तिने विचारले आणि हात पुढे केला. मंगळूने तिचे मनगट घट्ट धरले.

"हात नाय लावायचा."

"आपला हाय ना? मग?"

मंगळूने तिला जरा मागे ओढले. तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना विनंती करतात की आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मला तसे मागण्याचा हक्क नाही. माझी विनंती इतकीच आहे की तुमच्या घरात, कारखान्यात, दुकानात कुणी माझ्यासारखा पंखा बसवत असेल, तर भिंतीच्या पलीकडे एकदा जाऊन बघा, आणि आज तिथे कुणी नसले तरी उद्या येईल असे समजा. तुमच्या घरचे कुणी भट्टीवर काम करत असेल, तर त्यांना कामाचे कपडे बाहेरच बदलायला आणि हात धुऊनच तुम्हाला जवळ घ्यायला सांगा. आणि मला कुणी हात लावू नका.

तर, मंगळू आणि रोशनी माझ्यासमोर उभे असतानाच रस्त्यावरून एक ट्रक भरधाव गेला. त्याच्या वाऱ्याने माझी पाती हलली. "बाबा, फिरला," म्हणत रोशनी हसली आणि एक पाऊल पुढे आली. मी आयुष्यभर फिरण्यासाठी धडपडलो होतो. त्या क्षणी मी थांबण्यासाठी जीव तोडून धडपडलो. मला थांबता आले नाही. माझ्या पात्यावरची चिमूटभर राखाडी धूळ सुटली आणि तिच्या दिशेने गेली.